पूल कुणाच्या पैशानं उभा राहतो?

पुलांच्या तपासणीवर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हा प्रश्न येतील ते तडे, गंज आणि भूकंपाविषयी, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी पत्रं पैशाविषयी आली. रस्ते-पूल सरकारनं बांधावेत की खासगी कंपन्यांनी? टोल द्यायचा तो का? वाचून बरं वाटलं, कारण एकतीस वर्षं पुलांखाली वाकून फिरल्यावर माझीही खात्री पटली आहे की पुलाचं आयुष्य ठरतं ते बऱ्याचदा पैशाच्या कागदावर. त्यातली अठरा वर्षं मी सरकारी खात्यात होते आणि तेरा वर्षं टोलरस्त्यांवर स्वतंत्र अभियंता, म्हणजे करारानुसार काम होतंय का ते तपासणारी, म्हणून. दोन्ही घरचं पाणी प्यायले आहे, तेव्हा जे पाहिलं तेच लिहिते.

ताई, सरकारी तिजोरीत पैसा नाही आणि एखादी खासगी कंपनी पदरचे पैसे घालून पूल बांधून देत असेल, तर करदात्यांचा फायदाच ना? मग लोक विरोध का करतात?
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक

तुम्ही बँकेत होतात, म्हणजे कर्ज देणारा वेगळा आणि हप्ता भरणारा वेगळा, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पुलाचंही तेच आहे. खासगी कंपनी पैसा ‘उभा’ करते. फेडणारे दोघेच असतात: पुलावरून जाणारा माणूस टोलमधून फेडतो, नाहीतर करदाता सरकारी हप्त्यांमधून. तिसरा कुणी नसतो. ‘पदरचे पैसे’ हा शब्द त्यामुळे फसवा आहे. कंपनीनं घातलेला पैसा व्याजासकट आणि नफ्यासकट परत जायचा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण तो फुकट आलेला नाही, हे आधी मनाशी पक्कं करू या.

आता व्याज. सरकार बुडण्याची भीती कमी, म्हणून त्याला कर्ज स्वस्त मिळतं. समजा पुलाला शंभर लागले आणि ते तीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे आहेत. पाच टक्के दरानं एकूण साधारण १९५ भरावे लागतात, आठ टक्क्यांनी सुमारे २६६. पूल तोच, सिमेंट तेच, वरचे ७१ नुसते महाग पैशाचे. मग हे ७१ आपण कशासाठी मोजतो? उत्तर एकच असू शकतं: जोखीम. काम लांबलं, खर्च वाढला, वाहनं आलीच नाहीत, तर तो फटका कंपनीनं सोसायचा. हा विम्याचा हप्ता आहे असं समजा. विमा खरा असेल तर सौदा वाजवी.

खरा असतो का? कधी कधी असतो. सिडनीत २००५ साली शहराच्या पोटातून क्रॉस सिटी टनेल सुरू झाला. दिवसाला नव्वद हजारांच्या आसपास गाड्या येतील असा हिशेब होता, आल्या त्याच्या एक तृतीयांश. दुसऱ्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले, बोगदा मात्र जागेवर राहिला आणि गाड्या जात राहिल्या. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं आपला टोलरस्ता २००६ मध्ये ७५ वर्षांसाठी भाड्यानं दिला आणि त्याचे ३८० कोटी डॉलर आधीच वाजवून घेतले. कंपनी २०१४ मध्ये बुडाली, नवा चालक आला, रस्ता एक दिवसही बंद पडला नाही. जोखीम विकली होती ती खरोखर विकलेली निघाली.

आणि कधी कधी विमा कागदावरच राहतो. मेक्सिकोनं १९८७पासून पुढची काही वर्षं खासगी टोलरस्त्यांचा सपाटा लावला. सर्वांत कमी वर्षांत रस्ता परत देईल त्याला कंत्राट, अशी निविदेची अट होती. ऐकायला छान! पण थोड्या वर्षांत पैसे वसूल करायचे तर टोल जबर लावावा लागतो. तो तसाच लागला, आणि ट्रकवाले शेजारच्या जुन्या फुकट रस्त्यावरूनच जात राहिले. त्यात १९९४च्या अखेरीस चलन कोसळलं, व्याजदर कडाडले. १९९७ मध्ये सरकारनं तेवीस रस्ते कर्जासकट अंगावर घेतले. म्हणजे करदात्यानं महाग व्याज दिलं आणि जोखीमही त्याच्याच गळ्यात आली. माद्रिदच्या भोवतीच्या टोलरस्त्यांचंही असंच झालं, दिवाळखोरीत निघालेले रस्ते २०१८ मध्ये स्पेन सरकारकडे परत आले.

तेव्हा विरोध करायचा की नाही, हे ‘खासगी’ या शब्दावरून ठरवू नका. वाहनं कमी आली तर कोण भरणार, हे करारात कुठल्या पानावर लिहिलंय ते विचारा.

माझे दोन ट्रक आहेत. डिझेलवर कर भरतो, गाडीचा कर भरतो, वर जागोजागी टोल. एकाच रस्त्याचे तीन तीनदा पैसे घेता आणि वर खड्डे. हा कुठला न्याय?
— एक ट्रकमालक

दादा, खड्ड्यांबद्दलचा तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. तीनदा पैसे घेता, हा आरोपही पुष्कळ ठिकाणी खरा ठरतो, कारण इंधनावरचा कर बहुतेक देशांत सरळ सरकारी तिजोरीत जातो आणि रस्त्यावर किती खर्च झाला याचा त्याच्याशी संबंध राहत नाही. अमेरिकेनं १९५६ साली यावर एक सरळ तोडगा काढला. इंधनाच्या कराची वेगळी पेटी केली, त्या पेटीतून देशभरचे महामार्ग बांधले आणि नव्वद टक्के खर्च केंद्रानं उचलला. बहुतांश रस्ते विनाटोल. पद्धत उत्तम होती, पण कर ठरला गॅलनमागे ठरावीक सेंटमध्ये. पेट्रोलवरचे ते १८.४ सेंट १९९३पासून तसेच आहेत. महागाई वाढली, गाड्या कमी इंधन पिऊ लागल्या, काही तर विजेवर गेल्या. पेटी आटली, आणि २००८पासून तिच्यात सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते. ऑरेगन हे इंधनावर कर लावणारं तिथलं पहिलं राज्य, १९१९ सालचं. त्याच राज्यानं २०१५ मध्ये मैलांप्रमाणे पैसे घेण्याची ऐच्छिक योजना सुरू केली.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी रात्रंदिवस ट्रक गोल गोल फिरवले आणि रस्ता कसा झिजतो ते मोजलं. त्यातून ढोबळ नियम निघाला की झीज एक्सलवरच्या (चाकांच्या जोडीला धरणाऱ्या आसावरच्या) वजनाच्या चौथ्या घातानं वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. कारच्या एक्सलपेक्षा ट्रकचा एक्सल दहापट जड असेल तर झीज दहा हजारपट. हे आकडे काट्यावर तोलून घेण्यासारखे नाहीत, पण दिशा खरी आहे. कारवाला रस्ता वापरतो, जड गाडी तो संपवते. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांकडून वजन आणि अंतर दोन्ही धरून पैसे घेतात, १९७८पासून. मला ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते. तुम्ही माल मर्यादेत भरत असाल तर तुमच्याही फायद्याची आहे, कारण जादा माल भरणाऱ्याची झीज आज तुमच्या खिशातून भरली जाते.

आम्ही नदीच्या अलीकडे राहतो. मुलांची शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे. आधी होडी होती, पूल झाल्यावर ती बंद झाली. आता येता-जाता टोल. दुसरा रस्ता नाही. आम्ही कुणाकडे दाद मागायची?
— एक वाचक भगिनी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अगदी तुमच्यासारखीच गोष्ट स्कॉटलंडच्या स्काय बेटावर घडली होती. तिथला पूल १९९५ साली खासगी पैशातून झाला, आणि पूल उघडला तशी फेरीबोट बंद. बेटावरच्या माणसाला मुख्य भूमीवर गाडी न्यायची तर बहुतेक वेळा टोल भरण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. लोकांनी टोल नाकारला, शंभराहून अधिक जणांवर गुन्हे शाबीत झाले, तरी माघार घेतली नाही. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये तिथल्या सरकारनं सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मोजून करार विकत घेतला आणि टोल बंद केला. नऊ वर्षांचा मनस्ताप, आणि वर ती रक्कम.

माझं मत विचाराल तर जिथं दुसरी वाट नाही तिथं खासगी टोल नकोच. टोलला बाजारातली किंमत म्हणतात, पण बाजारात न घेण्याची सोय असते. दवाखान्यात जाणाऱ्याला ती कुठली?

दाद मागताना करारात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे दोन्ही बघावं लागतं. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीवर १७८६ साली एका खासगी कंपनीनं पूल बांधला. सनद तिच्याकडे, टोल तिचा. पुढं राज्यानं दुसऱ्या कंपनीला अगदी शेजारी पुलाची परवानगी दिली. तो पूल १८२८ मध्ये झाला, आणि खर्च निघाला की तो विनाटोल व्हायचा होता. पहिली कंपनी न्यायालयात गेली: आमच्या सनदीत मक्तेदारी गृहीतच आहे! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८३७ साली सांगितलं की जे स्पष्ट लिहिलेलं नाही ते लोकांच्या हक्कातून वजा करता येणार नाही.

त्या निकालाचा धडा कंपन्या चांगला शिकल्या, आणि आता ते स्पष्ट लिहून घेतात. कॅलिफोर्नियात १९९५ साली एका महामार्गाच्या मधोमध खासगी टोलच्या मार्गिका झाल्या. करारात कलम होतं की दोन्ही बाजूंना दीड मैलाच्या पट्ट्यात सरकारनं रस्त्याची क्षमता वाढवायची नाही. शेजारच्या फुकट मार्गिकांत लोक तुंबून बसले, पण राज्याचे हात बांधलेले. २००३ मध्ये स्थानिक वाहतूक प्राधिकरणानं २० कोटी ७५ लाख डॉलर देऊन त्या मार्गिका विकत घेतल्या, तेव्हा कुठे त्या कलमातून सुटका झाली.

तुमच्याकडच्या करारात असं कलम आहे का, होडी बंद करण्याची अट कुणी घातली, आणि रोज ये-जा करणाऱ्या स्थानिकांसाठी सवलत किंवा पास ठरला होता का, ही तीन उत्तरं लेखी मागा. करार दाखवत नसतील तर तीच तुमची पहिली तक्रार.

खासगी कंपनी नफ्यासाठी का होईना, पण देखभाल चोख करते. सरकारी पुलांची दशा आपण बघतोच. तुम्ही दोन्हीकडे काम केलंय, खरं सांगा.
— एक स्थापत्य कंत्राटदार

खरं सांगते, आणि जरा लांबण लावून सांगते.

अडीचशे वर्षांपूर्वी, १७७६ साली, ॲडम स्मिथनं नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता. मुक्त व्यापाराचा मोठा पुरस्कर्ता म्हणून लोक त्याला ओळखतात, पण रस्त्याचा टोल खासगी मालकाच्या हाती देऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. कारण फार व्यवहारी आहे. कालव्याची देखभाल केली नाही तर नाव चालत नाही आणि मालकाचं उत्पन्नच थांबतं, म्हणून मालक कालवा सांभाळतो. रस्ता मात्र कितीही बिघडला तरी पूर्ण बंद पडत नाही. मालक दुर्लक्ष करूनही टोल घेत राहू शकतो. मला हे वाचल्यावर वाटलं, हा माणूस माझ्याबरोबर साइटवर येऊन गेलाय की काय!

टोलरस्त्यावर मी असताना एका पुलाच्या हस्तांतराची वेळ आली. करार संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. कंपनीनं वरून डांबराचा नवा थर टाकला, पांढरे पट्टे मारले, कठडे रंगवले. गाडीतून जाणाऱ्याला पूल नवाकोरा दिसावा. मी शिडी लावून खांबाच्या माथ्यावर गेले. गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब तुळया, ज्या रबरी बेअरिंगवर टेकतात ती बाजूनं फुगून फाटली होती, आतली पोलादी पत्र्यांची चळत दिसत होती, बोट घालावं तर गंजाचे पापुद्रे नखात येत. बेअरिंग बदलायची तर सगळा गर्डर जॅकवर उचलावा लागतो. खर्चिक काम, आणि रस्त्यावरून दिसत नाही. मी अहवालात लिहिलं. करारात मात्र ‘चांगल्या स्थितीत’ परत द्यायचा एवढेच दोन शब्द होते. चांगली म्हणजे कशी, याचं माप कुठेच नव्हतं. पूल तसाच सरकारकडे आला.

आता तुम्ही म्हणाल, सरकार बरं. थांबा. त्याआधी खात्यात असताना माझ्याकडे एक लहानसा पोलादी पूल होता. त्याच्यावरचं पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या पालापाचोळ्यानं तुंबल्या होत्या. पाणी सांध्यातून झिरपून गर्डरच्या टोकावर पडायचं. मी लिहिलं, ‘नळ्या साफ कराव्यात’. पुढच्या वर्षी तेच वाक्य. सहा वर्षं तेच वाक्य, सहाव्या वर्षी माझंच हस्ताक्षर मला परकं वाटायला लागलं. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. पण नव्या पुलासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष असतं, फीत कापायला पाहुणे मिळतात. नळी साफ करायला लेखाशीर्षही नसतं आणि पाहुणेही नसतात. शेवटी गर्डरचं टोक कापून नवं जोडावं लागलं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये हेच घडलं आणि त्यांच्या नशिबात दुरुस्तीची संधी राहिली नाही. फर्न हॉलो पूल, मालक शहर प्रशासन. २८ जानेवारी २०२२च्या पहाटे तो खाली दरीत कोसळला. वर एक जोडबस होती. सुदैवानं कुणी दगावलं नाही, काही जण जखमी झाले. तो पूल न रंगवता वापरायच्या पोलादाचा होता. या पोलादावर गंजाचा एक पातळ थर धरतो आणि तोच पुढच्या गंजाला अडवतो. मात्र त्यासाठी ते भिजल्यावर सुकलं पाहिजे. तिथं निचऱ्याच्या वाटा तुंबल्या, पुलाच्या पोलादी पायांशी कचरा साठला, ओल हटलीच नाही, आणि गंज ते पाय खात गेला. चौकशीत स्पष्ट झालं की तपासणीत वर्षानुवर्षं हेच लिहिलं जात होतं आणि शहरानं काही केलं नाही. तो अहवाल वाचताना माझी सहा वाक्यं मला आठवली, आणि झोप लागली नाही.

दुसरीकडे इटलीतलं जिनोआ. १४ ऑगस्ट २०१८, भर पावसात पोल्चेवेरा दरीवरचा पूल कोसळला, ४३ माणसं गेली. १९६७ साली उघडलेला पूल. मनोऱ्यांवरून पूल तोलून धरणारे ताण, म्हणजे पोलादी तारा, काँक्रीटच्या आवरणात बंद, त्यामुळे आतला गंज डोळ्यांना दिसणं अशक्य. त्या पुलाच्या तीन मुख्य मनोऱ्यांपैकी एकाचे ताण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरून नव्या तारा लावून मजबूत केले होते. तेव्हा महामार्ग सरकारी मालकीच्या कंपनीकडे होते. १९९९ मध्ये तिचं खासगीकरण झालं. उरलेल्या दोन मनोऱ्यांच्या मजबुतीचा आराखडा मंजूर झाला होता, काम सुरू व्हायचं होतं. पडला तो त्या दोनपैकी एक.

एक सरकारी, एक खासगी. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: देखभाल मालकावर अवलंबून नाही, तिच्यासाठी बाजूला काढलेला आणि दुसरीकडे वळवता न येणारा पैसा आहे का, आणि तपासणारा माणूस कुणाच्या पगारावर आहे, यावर आहे. खासगी करारात प्रत्येक भागाचं माप लिहून घ्या: बेअरिंग, जोड, नळ्या, ताण. शेवटच्या पाच वर्षांत टोलचा एक हिस्सा वेगळ्या खात्यात अडकवून ठेवा आणि माप भरलं तरच सोडा. सरकारी पुलासाठीही तशीच पेटी हवी. आणि दोन्हीकडचे तपासणी अहवाल छापून लोकांसमोर ठेवा. मी खात्यात असताना हे मोठ्यानं म्हणाले नाही, आता म्हणते.

पुलाचे पैसे केव्हाच वसूल झाले असतील, तरी टोल चालूच. हा संपतो कधी?
— एक वाचक

कधी कधी संपत नाही, आणि न संपण्याचं कारण प्रामाणिक असू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलासाठी १९३० साली सहा काउंट्यांतल्या (तिथल्या जिल्ह्यांतल्या) मतदारांनी साडेतीन कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला, आणि तारण म्हणून आपली घरं, शेतं, दुकानं लावली. पूल १९३७ मध्ये खुला झाला. शेवटचे रोखे १९७१ मध्ये फिटले. मुद्दलाहून व्याज जास्त झालं होतं, आणि ते सगळं टोलमधून गेलं. टोल पुढं चालू राहिला, कारण खाऱ्या वाऱ्यातला पूल सतत रंगवावा आणि दुरुस्त करावा लागतो, शिवाय तिथल्या बस आणि फेरीबोटींना त्यातून मदत होते. लोकांना हे माहीत आहे, हिशेब उघड आहे. तुमच्या पुलाचा हिशेब उघड नसेल तर टोल का संपत नाही हे विचारण्याआधी तो हिशेब मागा.

टोलचा रस्ता रिकामा धावतो आणि शेजारचा जुना रस्ता गाड्यांनी तुंबतो. ही उधळपट्टी नाही का?
— अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी

आहे. तुझ्या विषयातल्या माणसांच्या आधी हे एका रस्ते-पूल अभियंत्यानं मांडलं, याचा मला अभिमान वाटतो. फ्रान्सचा ज्यूल द्युपुई, १८४४ साल. पुलावर जागा असताना टोलपायी जो माणूस पलीकडे जात नाही, त्याचा फायदा बुडतो आणि टोल घेणाऱ्यालाही काही मिळत नाही; ते नुकसान कुणाच्याच खात्यात दिसत नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला वळसा घालणारा एम-सिक्स टोल नावाचा खासगी रस्ता डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाला. करार २०५४पर्यंत आणि टोल किती ठेवायचा हे कंपनीनं ठरवायचं. अपेक्षेपेक्षा गाड्या कमीच आल्या आणि जुना महामार्ग गजबजलेलाच राहिला. कंपनीला थोड्या गाड्यांकडून जास्त टोल परवडतो, समाजाला जास्त गाड्यांकडून थोडा. उलटं, रस्ता भरून वाहत असेल तर टोल उपयोगी पडतो, कारण प्रत्येक नवी गाडी बाकीच्यांचा वेळ खाते. म्हणून दर ठरवण्याचा हक्क कंपनीला आंदण देऊ नये.

मॅडम, मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुम्हाला स्वतःला कुठली पद्धत आवडते?
— एक विद्यार्थिनी

बाळा, मला आवडते ती डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंड पुलाची. १ जुलै २००० रोजी तो खुला झाला: पूल, मध्ये कृत्रिम बेट, मग समुद्राखालचा बोगदा, एकूण सोळा किलोमीटर. मालकी दोन्ही देशांच्या सरकारांची, निम्मी-निम्मी. कर्ज बाजारातून काढलं, पण हमी दोन्ही सरकारांची, म्हणून व्याज कमी. फेडतात ते वापरणारे: गाड्यांचा टोल आणि रेल्वेचं शुल्क. सुरुवातीची काही वर्षं गाड्या अंदाजापेक्षा कमी आल्या, तरी कुणी दिवाळखोरीत गेलं नाही, कारण मुळात कर्जच स्वस्त होतं. पुलावर कधी न जाणाऱ्या करदात्याच्या खिशाला हात नाही, आणि खासगी नफ्याचा बोजाही नाही.

खासगीतलं चांगलं उदाहरण हवं तर फ्रान्सचा मियो पूल बघ. एका कंपनीनं सुमारे ४० कोटी युरो घालून तो बांधला, १६ डिसेंबर २००४ रोजी खुला झाला. करार बांधकामासकट ७८ वर्षांचा. टोल नको असेल त्याला खालच्या खोऱ्यातला जुना रस्ता आहेच, तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत तासन् तास गाड्या अडकायच्या. पुलाचं आयुष्य १२० वर्षं धरलंय, म्हणजे कंपनी निघून गेल्यावरही तो चाळीसेक वर्षं उभा राहायचा आहे. त्यामुळे परत घेताना तो कसा असेल, यावर सगळं आहे. तेव्हा मी नसेन, आणि तूही नोकरीतून निवृत्त झालेली असशील.

तू विचारलंस म्हणून एक काम सांगते. तुझ्या जवळपास जो पूल असेल, त्याच्या खाली पावसात जाऊन उभी राहा. पाणी नळीतून पडतंय की सांध्यातून गळतंय ते बघ. गळत असेल तर खांबाच्या माथ्यावर पांढुरके ओघळ दिसतील. त्याचा फोटो काढ, तारीख लिही, आणि जो कुणी त्या पुलाचा मालक असेल त्याला पाठव. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागेवरून पुन्हा काढ आणि दोन्ही फोटो मला पाठव.